जरा सरकून घ्या

गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आहेत, आरटीओची परीक्षा आहे, आणि शेजारच्या सीटवर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबणारे नातेवाईक तर घरोघरी आहेत. गाडीत बसायला मात्र कोणी शिकवत नाही. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत घाटात आधी वाट कोणाला द्यायची ते विचारतात; ‘बूड सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं आहे का?’ हे विचारत नाहीत. ही राष्ट्रीय उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका.

लेखिकेची पात्रता विचाराल, तर उंची चार फूट अकरा इंच, हातात लायसन्स सोळा वर्षं, आणि एकाच गाडीला चार चालक असलेलं डोंबिवलीतलं घर. नवरा सहा फूट. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पाच फूट पाच इंच, पण ही मोजणी फक्त एका दिशेची आहे. चिरंजीव अठरा वर्षांचे, त्यांची उंची अजून चालूच आहे. या चौघांसाठी गाडी बनवणाऱ्यांनी सीट दिली आहे एक. प्रस्तुत शास्त्राचा जन्म त्यातूनच झाला.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याला बसता येतं, असं आपल्याला वाटतं. लहानपणी पाटावर मांडी घालून बसलो, शाळेत बाकावर बसलो, लग्नात पंगतीला बसलो, तेव्हा आता बसण्यात शिकायचं काय उरलं? माझं बसण्याचं सगळं शिक्षण डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये झालं. तीन जणींच्या सीटवर चौथी असते. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की तिघी मिळून दोन बोटं जागा देतात. त्या दोन बोटांवर अर्धं बूड टेकवायचं, उरलेलं अर्धं घाटकोपरपर्यंत अधांतरी. अशी वर्षानुवर्षं चौथ्या सीटवर काढलेली बाई पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसते, तेव्हा सवयीने कडेलाच बसते. एवढी सीट आपली एकटीची आहे यावर तिचा विश्वासच बसत नाही, मग बाकीचं अंग कुठून बसणार?

साहित्य

गाडी एक. सीट एक. शरीर, घरात असेल ते. मोजमापाला दोन बोटं, एक मूठ आणि एक वीत. एक जुना टॉवेल. नेलपॉलिशची बाटली, शक्यतो भडक रंगाची. तिचं काम शेवटी येईल.

थोडी थिअरी (कंटाळा आल्यास हॉर्न वाजवू नये)

१९५० च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाला एक कोडं पडलं होतं. कॉकपिट सरासरी वैमानिकाच्या मापाने बनवलेलं, तरी वैमानिकांचं त्यात धड जमेना. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटकडे मापं घ्यायचं काम आलं. त्याने ४,०६३ वैमानिकांची उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं घेतली, प्रत्येकाची सरासरी काढली, ती सरासरीही जरा ऐसपैस धरली, आणि मग मोजलं की दहाच्या दहा मापांत सरासरीत बसणारे किती. उत्तर आलं शून्य. चार हजार माणसांत एक नाही. ज्या माणसासाठी इतकी वर्षं खुर्ची बनवत होते, तो नोकरीवर रुजूच झालेला नव्हता. तेव्हा हवाई दलाने कॉकपिट बनवणाऱ्यांना सांगितलं, की आता खुर्ची हलती करा, पेडल हलतं करा, पट्टा हलता करा. सीटखालचा दांडा ओढताना नवशिक्याने त्या शून्याचं स्मरण करावं.

मोटारींच्या जगात मात्र सरासरी माणूस आजही नोकरीला आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची सुरक्षा-चाचणी सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळून बघतात, तेव्हा स्टिअरिंगमागे बसलेला पुतळा साधारण पावणेसहा फूट उंच आणि ७८ किलो वजनाचा असतो. आदर्श चालक. पाठ टेकलेली, मागच्या खिशात पाकीट नाही, मागच्या सीटवरच्या मुलांवर ओरडायला तो वळत नाही. आमच्या घरात त्या मापाचं कोणीही नाही. बुटक्या बाईचाही एक पुतळा चाचण्यांच्या जगात असतो, तो साधारण पाच फुटी आणि ४९ किलोंचा. म्हणजे तिकडच्या हिशेबाने अगदी लहानखुरी, अपवादात्मक बाई. भारतीय बायकांची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास आहे. आमच्या भिशीचा फोटो काढायचा झाला, तर त्या पुतळ्याला मागच्या रांगेत उभं राहावं लागेल.

थिअरी संपली.

पायरी पहिली: बूड

सीटवर बसू नका, सीटमध्ये शिरा. बूड मागे नेत नेत, बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत घट्ट रोवा. मध्ये पोकळी राहिली, तर कंबर ती पोकळी भरायला दिवसभर मागे मागे कलत राहते आणि संध्याकाळी तुमच्याशी बोलत नाही. गाडी उभी असतानाच हे करायचं. चालत्या गाडीत दांडा ओढला, की सीट तुमचं न ऐकता आपल्या मनाने मागे जाते आणि ब्रेक पुढेच राहतो. पुढची सगळी कृती बूड ठरल्यावर. नवशिके आधी आरसा लावतात, मग बूड हलवतात, मग पुन्हा आरसा लावतात. एकेकाला या फेऱ्यातून बाहेर पडायला कल्याणपर्यंत वेळ लागतो.

पायरी दुसरी: क्लच

डावा पाय क्लचवर ठेवून तो पार तळापर्यंत दाबा. दाबलेल्या अवस्थेत गुडघ्यात किंचित बाक उरला, तर अंतर बरोबर. पाय काठीसारखा सरळ झाला तर सीट लांब आहे. गुडघा स्टिअरिंगला भेटायला आला तर जवळ. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. तिथे हीच परीक्षा उजव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबून द्यायची.

वाचायला हे सोपं आहे. मी शिकले त्या स्कूलच्या गाडीची सीट गंजून एका जागी कायमची बसली होती. पूर्वी कोणा उंच विद्यार्थ्याने ती मागे नेली असावी आणि नंतर ती आलीच नाही. मास्तरांनी मला पाठीमागे चादरीची घडी दिली, बुडाखाली उशी दिली आणि विचारलं, ‘‘पाय पोचतोय ना ताई? मग झालं.’’ पाय पोचत होता, पण सोबत सगळं अंग घेऊन. क्लच दाबायचा म्हणजे मी सीटवरून चार बोटं खाली घसरायची, गिअर पडला की पुन्हा वर यायची. रस्ता मला एकाआड एक दिसायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, की बाई प्रत्येक सिग्नलला साष्टांग नमस्कार घालते आहे. मास्तरांच्या बाजूला त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक होता, म्हणून हा प्रसंग लिहायला मी शिल्लक आहे.

पायरी तिसरी: पाठ, हात आणि वीत

सीटची पाठ काटकोनात उभी करू नका, पलंगही करू नका. काटकोनापेक्षा जराशी मागे, १०० ते ११० अंश. दोन्ही खांदे टेकलेले ठेवून हात सरळ स्टिअरिंगच्या माथ्यावर टाका. मनगट माथ्यावर टेकलं तर उत्तम. फक्त बोटं पोचत असतील तर पाठ जवळ आणा. कोपर टेकत असेल तर तुम्ही जेवायला बसला आहात.

आता वीत काढा. स्टिअरिंगचं मधलं बोंड आणि आपल्या छातीचं हाड यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एक वीत आणि वर दोन बोटं. त्या बोंडात एअरबॅग असते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि त्या वेळी तिच्या वाटेत कोण आहे याची चौकशी करत नाही. स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर त्याचं तोंड छातीकडे ठेवा, हनुवटीकडे नको.

पायरी चौथी ते सातवी

घाईत उरकू. सीट इतकी उंच, की स्टिअरिंगच्या वरून रस्ता नीट दिसेल आणि डोकं व छप्पर यांत एक मूठ राहील. मांडीखाली बैठकीचा आधार, पण गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी. पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर, वरचा खांद्याच्या मधोमध. तीन टोकांचा हा पट्टा १९५९ साली व्होल्वोमधल्या निल्स बोलिनने आणला. तो पोटावरून नाही, पोटाखालून जातो, आणि गर्भवतीने तर हे विशेष सांभाळायचं.

हेडरेस्टवर मात्र थोडं थांबते, कारण नावानेच घात केला आहे. तिथे डोकं टेकून विश्रांती घ्यायची नसते. मागून कोणी ठोकलं, की धड पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. त्या क्षणी मानेला अडवायला ती भिंत असते. भिंतीचा माथा आपल्या माथ्याला लागून हवा, आणि डोक्यामागे तीन-चार बोटांहून जास्त जागा नको. बऱ्याच गाड्यांत ती शोरूममधून आली तशीच खाली दाबलेली असते, वर प्लॅस्टिकसह.

आरसा सगळ्यात शेवटी. सकाळी ताठ बसून आरसा लावा आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावू नका. माणूस दिवसभरात सेंटिमीटरभर खचतो, मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून. त्यात ऑफिस. संध्याकाळी आरशात मागच्या काचेऐवजी छप्पर दिसू लागलं, तर आरसा हललेला नाही, तुम्ही खचला आहात. आरसा तसाच ठेवा आणि तुम्ही वर या.

शरीरप्रकार पहिला: ठेंगणे

या प्रकाराबद्दल लेखिकेचा पक्षपात होणार आहे.

ठेंगण्या चालकाला बघून रस्त्यावरचे लोक दचकतात, कारण त्यांना गाडी दिसते आणि चालक दिसत नाही. यावर उपाय आहे: सीटच्या उजव्या कुशीत, दाराच्या बाजूला एक खटका असतो, तो हातपंपासारखा हापसला की सीट वर येते. पण खालच्या व्हेरिएंटमध्ये बहुधा हा खटका नसतो. वरच्या व्हेरिएंटमध्ये असतो, आणि त्याच्यासोबत अलॉय व्हील, मोठा स्क्रीन आणि सनरूफही घ्यावं लागतं. थोडक्यात, आपल्या देशात बुटकं असणं परवडायला हवं. शोरूममधल्या मुलाला मी म्हटलं, ‘‘मला फक्त हा खटका पाहिजे.’’ त्याने मला सनरूफ उघडून दाखवलं.

सीट वर घेतली की पाय आणखी लांब जातात, म्हणून पुढे घ्यावी लागते. पुढे घेतली की छाती त्या बोंडाजवळ जाते. वीत तर राखायची आहे. मग पाठ किंचित मागे कलती करायची, स्टिअरिंग खाली आणि डॅशबोर्डकडे सरकत असेल तर ते करायचं, आणि पुन्हा मनगट मोजायचं. कुकरची शिट्टी, दूध आणि दाराची बेल एकाच वेळी सांभाळल्यासारखं हे काम आहे. नवशिक्या पुरुषांना ते जरा जड जातं.

खटका नसेल तर उशी. पण पलंगावरची मऊ उशी नको. ती ब्रेकला तुमच्यासकट पुढे सरकते आणि पट्टा पोटावर चढतो. गाडीसाठी मिळते ती पाचरीच्या आकाराची कडक गादी घ्या, मागे जाड आणि पुढे पातळ. पट्टा गळ्याला काचत असेल तर दाराजवळच्या खांबावर तो जिथे अडकतो ती कडी बऱ्याच गाड्यांत खाली सरकते. ती सरकते हे मला अकरा वर्षांनी कळलं. तोवर मी मंगळसूत्र, पट्टा आणि ओढणी यांची रोज सिग्नलला सोडवणूक करत होते.

दुसरा: पोटवाले

अण्णांची गोष्ट सांगितल्याशिवाय या प्रकाराचा अभ्यास पुरा होत नाही. अण्णा पद्मिनी मोटारीवर शिकले. पद्मिनी कुर्ल्याला बनायची. तिची पुढची सीट म्हणजे सलग बाक, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. त्या बाकावर पुढे तिघं सहज बसत. बाक सरकायचा तो अख्खा. अण्णांनी पोटासाठी तो मागे घेतला, की शेजारी सासूबाईही मागे जायच्या. त्यांना समोरचं काही दिसायचं नाही आणि अण्णांना सूचना मिळायच्या नाहीत. त्यांच्या संसारातला तो सुवर्णकाळ, असं अण्णा म्हणतात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या रात्री त्यांनी जेवणात मन घातलं नाही. दोनच पोळ्या कमी खाल्ल्या, पण कमी खाल्ल्या.

पोटवाल्याची अडचण अशी की वीत कुठून मोजायची. नियम छातीच्या हाडापासून आहे. पोट स्टिअरिंगपाशी आधीच पोचलेलं असतं. अण्णांच्या बाबतीत ते खालच्या कडेला टेकतं. डावीकडे वळताना पोट थोडं उजवीकडे द्यावं लागतं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग चालला का हे बघायला ते पुढे वाकले, आणि हॉर्न आपोआप असा वाजला की पुढच्या तीन गाड्यांनी बाजू दिली. अण्णा म्हणाले, ‘‘बघ, अजून मान आहे.’’

अशा देहाने सीट मागे न्यावी, पण पाय क्लचला पोचेपर्यंतच. उरलेली जागा स्टिअरिंग वर करून आणि डॅशबोर्डकडे ढकलून काढावी. ढकलता येणारं स्टिअरिंगही वरच्या व्हेरिएंटमध्येच. म्हणजे बुटके आणि पोटवाले, दोघांकडून कंपन्यांना सारखाच पैसा.

मग येतं पाकीट. अण्णांच्या मागच्या उजव्या खिशात एक पाकीट आहे. त्यात पैसे फारसे नाहीत. विम्याच्या पावत्या आहेत, लाइट बिलं आहेत, दगडूशेठचा फोटो आहे, बंद पडलेल्या बँकेचं एटीएम कार्ड आहे आणि पद्मिनीच्या पीयूसीची चिठ्ठी आहे. जाडी अडीच बोटं. बसलं की उजवा कुल्ला अडीच बोटं वर, डावा जमिनीच्या सपाटीला. कमरेचं हाड तिरकं, त्यावर मणका तिरका, त्यावर डोकं तिरकं, आणि कुल्ल्याच्या स्नायूखालून जाणारी नस दोन तास दाबाखाली. उजव्या पायात मुंग्या येतात म्हणून त्यांनी तीन डॉक्टर केले. तिसऱ्याने औषध लिहून देण्याआधी पाकीट काढायला लावलं. आता ते पाकीट डॅशबोर्डवर ठेवतात, आणि त्याची प्रतिमा काचेत पडून समोरचा रस्ता दिसत नाही.

तिसरा: उंच

उंच माणसांबद्दल सहानुभूती वाटावी म्हणून मी प्रयत्न केला.

माझा नवरा गाडीत बसत नाही, दुमडला जातो. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली तरी गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना उभे राहतात. बैठक आखूड पडते आणि अर्धी मांडी अधांतरी राहते. त्याची मांडी आता चौथ्या सीटवर आहे, हे मी मनात म्हणते. सनरूफच्या यंत्रणेला छपरातली दोन-तीन बोटं जागा लागते, तीही त्याच्याच डोक्यावरून वजा होते. ज्या सनरूफचे पैसे माझ्या खटक्यापायी भरले, त्याचा त्रास त्याला, हा या गाडीतला एकमेव न्याय आहे.

उंचांसाठी सूचना: सीट सगळ्यात खाली, पाठ जराच जास्त कलती, स्टिअरिंग वर. बैठकीचा पुढचा भाग उचलता येत असेल तर उचला. हेडरेस्ट पूर्ण वर ओढूनही मानेपर्यंतच येत असेल, तर ती गाडी तुमची नाही. टेस्ट ड्राइव्हला हे बघा, मायलेज मग विचारा. आणि मागच्या सीटवर नेमकं आपल्यामागे कोण बसलं आहे हे सीट मागे घेण्याआधी एकदा बघा. आमच्याकडे तिथे सासूबाई बसतात.

चौथा: काटकुळे

यांना सगळ्या सीटमध्ये बसता येतं आणि कुठेच टेकता येत नाही. बसायची दोन हाडं थेट फोमला लागतात, आणि आंबोली घाटात प्रत्येक वळणाला ते सीटच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातात. कडा उभारलेली सीट घ्या, पातळ गादी घाला, तूप खा.

पाचवा: कंबरवाले

हा प्रकार आधीच्या चारांतून वयपरत्वे भरती होतो.

१९६० च्या दशकात आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश हाडतज्ज्ञाने माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला: उभं असताना, वाकल्यावर, बसल्यावर. आधाराशिवाय बसलं तर चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. पाठ मागे कलती करून कमरेला आधार दिला की तो उतरतो. म्हणजे ‘जरा बसून घे, दमलीस’ असं कोणी म्हणालं तर टेकू कुठे आहे ते आधी विचारावं. महागड्या गाड्यांत कमरेचा टेकू बटणाने पुढे येतो. आपल्यासाठी साहित्यातला टॉवेल: गुंडाळी करा, मनगटाएवढी जाड, आणि पँटचा पट्टा बांधतो त्या उंचीला कमरेच्या खळग्यात बसवा. पाठीच्या मधोमध नको, तिथे तो बरगड्यांना ढकलतो.

दुसरी गोष्ट हिसक्यांची. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण चार ते सहा हिसक्यांना सगळ्यात जास्त नाचतं. त्या तालावर मणका सीटपेक्षा जास्त हलतो. हा ताल ज्यांना कानाने ऐकायचा असेल त्यांनी मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीला जावं. त्याचं चौपदरीकरण निघालं तेव्हा आमचे चिरंजीव बालवाडीत होते. यंदा त्यांनी लायसन्स काढून तो रस्ता स्वतः चालवला. दर दोन तासांनी उतरा, चहा प्या, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाका. बाजूला दहा-बारा माणसं हेच करत असतात. त्यांच्याशी बोलायची गरज नाही, सगळे एकाच गावाला निघालेले असतात.

लाकडी मण्यांचं सीटकव्हर घ्यावं का, असं सगळे विचारतात. मुंबईच्या उन्हात रेक्झिनवर दहा तास बसणाऱ्या टॅक्सीवाल्याला त्याने वारा लागतो, घामाने पाठ चिकटत नाही. त्याची निवड शहाणपणाची आहे. एसी लावून स्टेशनपर्यंत जाणाऱ्याने ते घातलं तर मणी मोजण्यापलीकडे उपयोग नाही. आणि कुठलंही कव्हर घ्या, सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी शिवलेली असेल, तर ती बाजू उघडी ठेवणारं घ्या. दुकानदार म्हणेल, काही होत नाही. त्याला काही होत नाही, हे खरं आहे.

सहावा: तरुण

शरीर उत्तम, सांधे उत्तम, बसणं असं की दारातून आत पाहिलं तर सीटवर फक्त टोपी दिसते. चिरंजीव सीटची पाठ इतकी मागे नेतात की एका हाताची दोन बोटं कशीबशी स्टिअरिंगला लागतात. मी म्हटलं, ‘‘अरे, असं लोळलं की धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, पट्टा कमरेवरून पोटावर येतो.’’ तो म्हणाला, ‘‘आई, तू एवढी पुढे बसतेस की वायपर तुझी टिकली पुसेल.’’ प्रशिक्षण इथे स्थगित झालं.

एक सीट, चार माणसं: तह

महाग गाड्यांत सीटला स्मरणशक्ती असते. दाराजवळचं १ दाबलं की सीट एकाची होते, २ दाबलं की दुसऱ्याची. दोनच बटणं असल्याचं ऐकून अण्णांनी विचारलं, ‘‘म्हणजे एकत्र कुटुंबाला गाडी घ्यायचीच नाही का?’’

आमच्या गाडीची स्मरणशक्ती हातमागाची आहे. सीट मागे-पुढे होते ती खटक्याखटक्याने. सगळ्यात पुढून मोजलं तर माझे तीन खटके, अण्णांचे सात, नवऱ्याचे अकरा, म्हणजे सगळे. चिरंजीव मोजत नाहीत. हे आकडे, पाठीचा कल आणि हेडरेस्टची खाच, असा तक्ता मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. त्यावर कोणीतरी दुधाचा हिशेब लिहिला. मग नेलपॉलिश आलं. सीटखालच्या लोखंडी पट्टीवर माझ्या जागी एक लालभडक रेघ ओढली आणि घरात जाहीर केलं, की गाडी ठेवताना सीट रेघेवर आणून ठेवायची. ‘‘तुझ्याच का?’’ असं नवऱ्याने विचारलं. मी सांगितलं, ‘‘पुढे असलेली सीट उंच माणसाला दार उघडल्याबरोबर दिसते, तो ती मागे घेतो. मागे असलेली सीट बुटक्या बाईला कळते ती ब्रेक दाबताना.’’ यावर अण्णांनीसुद्धा मान हलवली.

तह चार दिवस टिकला. पाचव्या रात्री, अकराच्या सुमारास, इंटरकॉम वाजला. वॉचमन होता. ‘‘मॅडम, बी विंगवाल्यांची गाडी निघत नाय. तुमची जरा सरकवून घ्या ना.’’

चिरंजीव किल्ली घेऊन खाली गेले. गाडी दोन फूट पुढे, दोन मिनिटांत परत.

सकाळी सव्वासातला मी दार उघडलं आणि सवयीप्रमाणे धपकन बसले. पाठ टेकायला गेले ती टेकलीच नाही, गेलीच गेली. आरशात छप्पर, समोर छप्पर, पाय हवेत. क्लच दूर कुठेतरी कोपर स्टेशनच्या बाजूला. वाकून सीटखाली पाहिलं. लाल रेघ तिथेच होती, सीट तिच्यापासून एक वीत आणि वर दोन बोटं लांब. तेवढ्यात मागून बी विंगवाल्यांनी हॉर्न दिला. मी सीटच्या कडेला आले, अर्धं बूड टेकवलं, अर्धं अधांतरी ठेवलं, आणि गाडी सरकवून घेतली.